पाच ते साडेपाचचं कारंजं

घर बघायला गेलो तेव्हा मालकांनी आम्हाला घर दाखवलंच नाही. आधी कारंजं दाखवलं.

आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा. त्याला न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात शिफ्टची नोकरी लागली होती, आणि मला पनवेलमध्येच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळचं काम मिळालं होतं. नवीन पनवेलच्या सेक्टरांतली घरं परवडेनात, म्हणून एजंटाने जुन्या गावातल्या चौकातल्या, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या सुचवल्या. "खोल्या एक नंबर आहेत," तो म्हणाला, "म्हातारा मात्र जरा 'हा' आहे." 'हा' म्हणजे नेमका काय, हे विचारायच्या आत त्याने बाइकला किक मारली.

पाचला पाच कमी असताना आम्ही चौकात पोचलो. मोबाइलची दुकानं, वडापावची गाडी, रिक्षांची वेडीवाकडी रांग, आणि या सगळ्याच्या मधोमध काळ्या दगडाचं एक अष्टकोनी कारंजं. कोरडं ठणठणीत. खरं सांगायचं तर दिसायलाही बेताचंच होतं. त्याच्या कडेला एक उंच, काटकुळे गृहस्थ उभे होते. अंगात पांढरा हाफ शर्ट, पायात रबरी चपला आणि हातात कमरेएवढी लोखंडी चावी, वर आडवी मूठ असलेली. नवऱ्याने नमस्कार करून घराचा विषय काढला.

"थांबा," ते म्हणाले. "आधी पाणी, मग घर."

त्यांनी जमिनीतल्या चेंबरचं झाकण सरकवलं, घड्याळ बघितलं आणि छाती भरून ओरडले, "पाणीऽऽ!" असं तीनदा. मी दचकले. चौकात मात्र कुणीच दचकलं नाही. रिक्षावाल्यांनी निमूटपणे रिक्षा दोन हात मागे घेतल्या, वडापाववाल्याने पावांवर फडकं टाकलं. मालकांनी चावी चेंबरात उतरवली आणि मोठ्याने मोजत फिरवायला लागले. अकराव्या फेऱ्याला थांबले. कारंज्याच्या पोटात कुठेतरी खाकरल्यासारखा आवाज झाला, आणि पाण्याची एक धार सरळ वर गेली ती थेट आमच्या होऊ घातलेल्या घराच्या गॅलरीपर्यंत. मोटार नाही, पंप नाही, वायर नाही. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

अर्ध्या तासाने त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "बंद करा बघू." नवऱ्याने चावी धरली आणि जगातला कुठलाही माणूस नळ बंद करताना करील तसा हात उजवीकडे न्यायला लागला. मालकांनी त्याच्या मनगटावर फाडकन चापट मारली. "नापास. आता तुम्ही." मी मघाशी नीट बघितलं होतं. मी चावी डावीकडे फिरवली, अकरा फेरे मोजले, पाणी बसलं.

"पास. घर तुमचं."

भाडेकरार माझ्या नावावर झाला. हा विषय काढलेला नवऱ्याला अजूनही आवडत नाही. त्या करारात आमच्या मालकांनी स्वतःच्या हाताने एक कलम घातलं होतं: मालक परगावी असल्यास संध्याकाळी पाच ते साडेपाच कारंजे चालवण्याची जबाबदारी भाडेकरूची राहील. वकिलाने असलं कलम चालत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा मालक म्हणाले, "मग घर देत नाही." त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. भर बाजारात, देवळात, एकदा तर माझ्या आईसमोरसुद्धा, "अहो भाडेकरू!" मी तोंडावर त्यांना काका म्हणायची आणि पाठीमागे मालक.

तसे ते कारंज्याचे मालक नव्हते. कारंजं सार्वजनिक. त्यांच्या पणजोबांनी ते गावाला बांधून दिलं होतं. पणजोबांचा मिठाचा व्यापार. मिठागरांकडून गाड्या ओढत बैल संध्याकाळी पाचच्या सुमाराला या चौकात पोचायचे, आणि खाडीकडचं पाणी खारट, म्हणून त्यांच्यासाठी गोड्या पाण्याची सोय. गावाबाहेरच्या टेकाडावर एक झरा आहे. पणजोबांनी तिथे दगडी टाकी बांधली, वरून झाकली आणि तिथून लोखंडी पाइप थेट चौकापर्यंत आणला. उतारावरून आलेलं पाणी आपल्याच जोरावर उडायचं. एका बाजूला बैलांसाठी बुटकी डोण, आणि मधली धार फक्त माणसांच्या डोळ्यांसाठी. व्हॉल्व्ह विलायती होता आणि त्याचे आटे उलटे. उजवीकडे उघडायचा, डावीकडे बंद. असा कुणी आणि का बनवला हे कुणालाच माहीत नव्हतं.

पणजोबांनी दोन नियम घालून दिले होते. अकरा फेरे, बारावा नाही. आणि अर्धा तास, त्याच्यापुढे एक मिनिट नाही. कारण टाकी भरायला पुरा दिवस लागतो, ती रिकामी झाली आणि पाइपात एकदा हवा शिरली की पाणी पुन्हा चढायचं नाही, कारंजं कायमचं संपलं. हे पणजोबांनी आजोबांना सांगितलं, आजोबांनी वडिलांना, वडिलांनी यांना. यांनी मला सांगितलं तेव्हा आवाज इतका खाली आणला होता की मला वाटलं घरातलं काही गुपित सांगतायत.

"पण काका, आता बैल कुठे येतात?" मी एकदा म्हटलं.

"येत नाहीत हे तुम्हाला माहीत, मला माहीत. पाण्याला कुठे माहीत आहे?"



न्हावा शेव्याच्या एका क्लिअरिंग ऑफिसात त्यांनी उभी हयात कारकुनी केली. बढती दोनदा चालून आली आणि दोन्ही वेळा त्यांनी ती परत पाठवली, कारण बढती मिळालेले लोक सातला सुटायचे. साहेबाने कारण विचारलं तर म्हणाले, मला पाचला कारंजं असतं. एखाद्याला पाचची गाडी असावी तसं. मुलीच्या लग्नात गुरुजींनी गोरज मुहूर्त काढला होता. यांनी तो बदलून सकाळचा घेतला आणि पाचला नवऱ्या मुलासकट सगळ्या वऱ्हाडाला चौकात आणून उभं केलं. मुलगी पुण्याला दिली. तिच्याकडे जायचे ते पहाटेच्या एसटीने, दुपारच्या एसटीने परत. नातवंडांना आजोबा म्हणजे जेवायला येणारा पाहुणा वाटायचे.

चौकातही त्यांचे कायदे होते. कारंज्यात हात धुवायचे नाहीत, पानाची पिंक टाकायची नाही, आणि कारंज्याकडे पाठ करून सेल्फी काढायचा नाही. कॉलेजची पोरं पाठ करून उभी राहिली की हे मधे जाऊन उभे राहायचे. "पाठ दाखवायची असेल तर एसटी स्टँडला दाखवा. तिथे कुणाला वाईट वाटत नाही." पोरं हसायची, पण वळायची. एकदा एका रिक्षावाल्याने डोणीतल्या पाण्याने रिक्षा धुतली. मालकांनी त्याच्याशी भांडण केलं नाही. रोज पाच वाजता त्याच्यासमोर उभं राहून ते डोणीतलं पाणी ओंजळीने प्यायले, असं आठ दिवस. नवव्या दिवशी रिक्षावाला डोण घासायला काथ्या घेऊन आला.

त्यांचं खरं भांडण होतं ते एकाच व्यक्तीशी. करंजा बंदराहून मासळी घेऊन येणारी एक कोळीण दुपारनंतर कारंज्याच्या पायरीवर पाटी घेऊन बसायची. सुकट, बोंबील, कधी ताजी कोळंबी. मालक जन्मात मासळीला न शिवलेले. वास सहन व्हायचा नाही, आणि बाई हटायची नाही.

"तुमच्या बोंबलांनी पाण्याला वास लागतो," हे म्हणायचे.

"शेट, आमी दर्यावरची मानसं. आमच्या बोंबलानं दर्याला वास नाय लागला, तुमच्या वाटीभर पान्याला काय लागतंय?"

"वाटीभर?"

"मंग काय? अर्ध्या तासान दम सुटतो त्याचा."

हे 'अर्ध्या तासान दम सुटतो' त्यांना फार लागायचं. दोन दिवस ते तिच्याकडे बघायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी ती आली नाही की मला विचारायचे, "ती करंजाची का नाही आली? बरी आहे ना?"

मालक जाऊन आता वर्ष होऊन गेलं, आणि आम्हीही नवीन पनवेलला राहायला गेलो. त्यांची आठवण काढताना लोक हसतात, मीही हसते. पण माझ्या पोटात एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय त्यांचं चित्र पुरं होणार नाही. ते कारंजं मी मोडलं.

झालं असं, की चौकाच्या सुशोभीकरणाची योजना आली. नवीन पंप, रंगीत दिवे, गाण्याच्या तालावर उडणारं पाणी. टेकाडावरचा जुना पाइप चौकाच्या तोंडाशी कापून सिमेंटने बुजवायचा. मालकांनी कागद वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. "पंपाचं पाणी म्हणजे फोटोपुरतं हसणं," एवढंच म्हणाले. पण त्यानंतर महिनाभर ते अर्ज घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढत होते. अर्थात सकाळी. शेवटी तिथली एक तरुण इंजिनिअर मॅडम म्हणाली, "सर, असं करू. मे महिन्यात समिती येऊन बघेल. ऐन उन्हाळ्यात तुमचं कारंजं पंपाशिवाय अर्धा तास प्रॉपर चाललं, तर जुनी लाइन आम्ही ठेवू. नाही चाललं तर मात्र माझा नाइलाज आहे." गुरुवार ठरला. वेळ अर्थातच पाच.

मालकांची झोप उडाली. व्हॉल्व्हचा दांडा झिजला होता हे त्यांना माहीत होतं. चौकाच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे फिटर होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांना चेंबरात उतरवून झालं. चाचा वर येऊन म्हणाले, "पुराना माल आहे, मालिक. याला छेडू नका. गुरुवार होऊ दे, मग इत्मिनानने बघू."

आणि त्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला. मुलीला अचानक ऑपरेशनसाठी दवाखान्यात ठेवलं होतं. मंगळवारी पहाटे मालकांनी आमचं दार वाजवलं, चावी माझ्या हातात दिली. "गुरुवारी दुपारपर्यंत येतो," म्हणाले. जिन्यात चार पायऱ्या उतरले, परत वर आले. "उजवीकडे उघडायचं."

"माहीत आहे काका."

"डावीकडे बंद."

"काका, एसटी चुकेल."

मंगळवार नीट पार पडला. मी तीनदा ओरडलेसुद्धा. पहिल्यांदा लाजत, तिसऱ्यांदा चांगलं खणखणीत. बुधवारी पाचला पाणी सोडून मी वर कुकर लावून खाली आले. साडेपाच झाले. कोळणीशी बोलत बोलत मी चावी लावली, कान वरच्या शिट्ट्यांकडे. एक झाली, दोन झाल्या. तिसरी झाली आणि डोक्यात आलं, गॅस बंद केला पाहिजे. मन वर स्वयंपाकघरात गेलं आणि हात खाली आपल्या रोजच्या सवयीने गॅसचं बटण फिरवावं तसा उजवीकडे गेला. चेंबरात कट् असा आवाज झाला. चावी हातात गरगर फिरायला लागली, डावीकडेही आणि उजवीकडेही.

पाणी उडतच राहिलं.

मला आधी काही कळेचना. मग कळलं. व्हॉल्व्ह उघडाच मोडला होता. आता हे पाणी बंद होणार नव्हतं. टाकी रिकामी होईपर्यंत वाहत राहणार, मग पाइपात हवा शिरणार, आणि उद्या पाच वाजता समिती येणार. कोळणीने माझ्याकडे बघितलं. "काय झालं गो?" मी सांगितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला. "आता शेट तुला पन मारतील नि मला पन."

चाचा धावत आले, चेंबरात वाकून बघितलं आणि मान हलवत वर आले. "दांडाच गेला. खुदा के वास्ते, बाई, आता हात लावू नका. पाणी चालू असताना मी पण काही करू शकत नाही."

इकडे चौकात जत्रा भरली होती. पाऊण तास झाला, तास झाला, तरी कारंजं चालू! असं कुणी जन्मात बघितलं नव्हतं. बायका मुलांना घेऊन आल्या, वडापाववाल्याची गाडी रिकामी झाली, जो तो मोबाइल काढून उभा. सगळे खूश, आणि मी पायरीवर बसून रडतेय. शेवटी मी मालकांना फोन लावला. मुलीचं ऑपरेशन नीट झालं होतं. तेवढं विचारून मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

मग त्यांनी विचारलं, "किती वाजले?"

"पावणेसात."

"अजून उडतंय?"

"हो."

"कुठपर्यंत?"

"गॅलरीच्या जरा खाली."

मला वाटलं आता शिव्या येणार. मला त्या हव्याच होत्या. पण ते म्हणाले, "भाडेकरू, फोन जरा पाण्याजवळ धरा."

मी धरला. हात भरून आला तरी धरून ठेवला. नंतर कानाला लावला तेव्हा त्यांनी फोन ठेवून दिलेला होता.

रात्री मला झोप लागली नाही. सकाळी गॅलरीत आले तेव्हा धार उतरून पुरुषभर झाली होती. लॅबमधून येईपर्यंत कमरेएवढी. आता तास दोन तासांचा खेळ, असं मनाशी म्हणत मी तिथेच उभी राहिले. साडेबाराच्या सुमाराला मालक हातात पिशवी घेऊन चौकात शिरले. माझ्याकडे बघितलं नाही, घरी गेले नाहीत. कारंज्यापाशी जाऊन उभे राहिले. एक वाजता स्वतःशीच म्हणाले, "कंबर." दीडला म्हणाले, "कंबर." दोनला, अडीचला तेच. धार कमरेवरून खाली यायला तयार नव्हती.

तीन वाजता चाचा टेकाडावरून आले. आपण होऊनच गेले होते, त्या वयात, त्या उन्हात. घाम पुसत म्हणाले, "मालिक, झाकण काढून बघितलं. टाकीत हातभर पाणी आहे. जितकं वरून येतंय तितकं खाली जातंय. ना कमी, ना जास्त."

"झरा एवढा मोठा नाही."

"आहे. टाकीच्या मागे बारमाही चिखल असतो की नाही, म्हशी बसतात तो? ते तुमचंच पाणी होतं. टाकी भरून पाठीमागून वाया जात होतं. आज चिखल सुकायला लागलाय. म्हशी नाराज आहेत."

मालक चष्मा काढून शर्टाला पुसत बसले. तो पुसून होईचना.

पाचला समिती आली. चार गृहस्थ आणि ती इंजिनिअर मॅडम. मालक सदरा बदलून आले होते. एक गृहस्थ धारेकडे बघून म्हणाले, "हे आधीच सुरू करून ठेवलंत? आमच्यासमोर सुरू करायचं होतं. अर्धा तास चालेल ना नक्की?"

मालक म्हणाले, "अर्ध्या तासाचं काय घेऊन बसलात? काल पाचपासून चालू आहे. बंद करून दाखवा."

मॅडमनी चेंबरात वाकून बघितलं, चाचांना चार प्रश्न विचारले, वहीत काहीतरी लिहिलं. "कंटिन्युअस फ्लो, मे महिन्यात, विदाउट पंप," त्या गृहस्थांना म्हणाल्या. ते गृहस्थ मात्र खट्टू होते. "पण हाइट फारच कमी हो."

पायरीवरून कोळीण उठली. "सायेब, हाइट घेऊन काय करायचीय? मानसाच्या तोंडाला लागतंय, गुराच्या तोंडाला लागतंय. आनि आता त्याचा दम पन सुटत नाय." असं म्हणून तिने ओंजळ भरून पाणी प्यायलं आणि हात धुतले, त्याच पाण्यात, मालकांच्या देखत. मालक बघत राहिले.

मॅडमनी वही मिटली. "जुनी लाइन राहील. व्हॉल्व्ह कुणी तोडला पण?"

"मी," मालक म्हणाले. मी पुढे व्हायला गेले तर त्यांनी मला डोळ्यांनीच मागे ढकललं. नंतर म्हणाले, "खोटं कुठे बोललो? चावी माझी, भाडेकरू माझा."

चौकात पेढे वाटले गेले. मला वाटलं मालक आज नाचतील. पण ते कुठे दिसेनात. शोधत गेले तर आमच्याच जिन्यात, अंधाऱ्या वळणावर बसले होते. मी एक पायरी खाली बसले. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, पण तेच बोलायला लागले.

"आमची ही गेली तेव्हा दवाखान्यात होती, पनवेलमध्येच. पावणेपाचला मी उठलो. ती म्हणाली, आज नका जाऊ. मी म्हटलं, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे, आलोच. परत गेलो तेव्हा नर्स बाहेर उभी होती." थोडा वेळ ते भिंतीच्या पोपड्यावरून बोट फिरवत राहिले. "आदल्या दिवशी उघडं ठेवून गेलो असतो तरी चाललं असतं हो. चार पिढ्यांत कुणी एकदासुद्धा उघडं ठेवून बघितलं नाही."

मला रडू आवरेना. त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, आणि आपल्या घरमालकाच्या पाठीवर हात कसा ठेवायचा हेही कळेना. शेवटी ठेवला. ते तसेच बसून राहिले.

आठवड्याने चाचा नवा दांडा बनवून घेऊन आले. झकास काम केलं होतं, आटे सुलटे. मालकांनी तो हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला, चाचांची तोंड भरून तारीफ केली आणि कपाटात ठेवून दिला. "वाहतंय ते वाहू दे," म्हणाले. चाचा खूप वाद घालून थकले. पाणी आजही वाहतंय. भर उन्हाळ्यातही ते कंबर सोडत नाही.

त्यानंतरच्या सोमवारची गोष्ट. पाच वाजले असतील. दारावर टकटक झाली. उघडलं तर मालक. इतक्या वर्षांत या वेळेला ते कधी कुणाच्या दारात उभे राहिले नव्हते. हात रिकामे, केस नीट विंचरलेले, चेहरा पहिल्या दिवशी शाळेत आणून सोडल्यासारखा. मी आत बोलावलं. ते खुर्चीच्या टोकावर बसले. खिडकीतून पाण्याचा आवाज येत होता, त्याला आता त्यांची काही गरज उरली नव्हती.

"भाडेकरू," ते म्हणाले, "एक विचारायचं होतं. लोक पाच वाजता काय करतात हो?"

"चहा घेतात," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज."

मी चहा केला. त्यांनी बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश पूर्ण कप संपवला. कप खाली ठेवला आणि थोडा विचार करून म्हणाले, "मग उद्यापासून साखर जरा कमी टाका."